कांदाचाळीसारखं घर

आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आम्हाला एक घर काढायला दिलं होतं. विजेवर कमीत कमी अवलंबून राहणारं, उन्हाळ्यात आपलं आपण थंड आणि थंडीत आपलं आपण उबदार राहणारं घर. सर त्याला पॅसिव्ह हाउस म्हणायचे. नव्वदचं दशक संपत आलं होतं, आणि नाशिकमध्ये हा शब्द आमच्या वर्गाबाहेर फारसा कुणी ऐकला असेल असं मला वाटत नाही. ग्रंथालयात त्या विषयावरचं एकच जाडजूड पुस्तक होतं. ते आठवडाभर हातोहात फिरलं. त्यातली घरं बर्फात उभी होती. दुहेरी काचा, हातभर जाड भिंती, फट म्हणून कुठे नाही. पंधरा दिवसांत वर्गातल्या सगळ्यांच्या कागदांवर तशीच घरं उगवली, फक्त बर्फाच्या जागी नारळाची झाडं.

मीसुद्धा तेच गिरवत होते. पंचवटीत दोन मैत्रिणींबरोबर मी भाड्याच्या खोलीत राहायचे. वरचा मजला, डोक्यावर उघडा स्लॅब. एप्रिलच्या दुपारी ड्रॉइंगला बसलं की ट्रेसिंग पेपर मनगटाला चिकटायचा आणि शाई फाकायची. पंखा तीच गरम हवा पुन्हा पुन्हा अंगावर टाकायचा. अशा खोलीत घामाने निथळत बसून बर्फातलं घर काढायचं, याची एके दिवशी मला लाज वाटली. मी तो कागद गुंडाळला आणि सायखेड्याची एसटी पकडली.

आमचं गाव सायखेड्याजवळ, गोदावरीच्या काठी. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. त्यांची थोडी द्राक्षं होती आणि बाकी सगळा कांदा. एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्यांचा धूर आमच्या मळ्यातून दिसायचा आणि आमच्याच गावात दुपारची वीज नसायची. मी पोहोचले तेव्हा घरात कुणी नव्हतं. स्लॅबचं घर भट्टीसारखं तापलेलं. अण्णा सापडले मळ्यात, कांदाचाळीच्या कडेला खाट टाकून गाढ झोपलेले.

कांदाचाळ मी जन्मापासून पाहत आले होते, त्या दुपारी पहिल्यांदा नीट पाहिली. तिचा तळ जमिनीपासून दोन फूट वर, बांबूच्या पट्ट्यांचा. पट्ट्यांमध्ये फटी, म्हणजे खालून हवा. भिंतीही पट्ट्यांच्याच. लांब बाजू वाऱ्याला आडवी. वर पत्रा, पत्र्यावर उसाच्या पाचटाचा जाड थर, आणि ते छप्पर दोन्ही अंगांनी एवढं पुढे आलेलं की कांद्याला ना ऊन लागत होतं ना पाऊस. उन्हाळ्यात भरलेला कांदा तिथे महिनोनमहिने टिकायचा. एक वायर नाही, एक बटण नाही.

पुढच्या वेळी मी कॉलेजच्या प्रयोगशाळेतून दोन थर्मामीटर मागून आणले. एक घरातल्या खिळ्याला टांगला, एक चाळीच्या आत. तासातासाला वहीत आकडे लिहायला लागले.

"काय मोजतेस?" अण्णांनी विचारलं.

"किती तापतंय ते."

"त्याला काच कशाला लागती? घाम आला की तापलं."

चाळीतला पारा भर दुपारी घरातल्यापेक्षा चार-पाच रेषा खाली होता. घर स्लॅबचं, पक्कं, गावात पहिल्या दोन-तीनांतलं. आणि त्याचा मालक झोपायला कांद्यापाशी जात होता. हे मी अण्णांना बोलून दाखवलं नाही. पण मला काय काढायचंय ते मला कळलं.

मी घर उंच जोत्यावर घेतलं. जोत्यात पश्चिमेकडून वारा आत येईल अशी वीतभर भोकं ठेवली, तो वारा फरशीखालून फिरून खोल्यांमधल्या भोकांतून वर यायचा आणि छपराच्या वरच्या फटीतून बाहेर पडायचा. छप्पर दुहेरी, मध्ये हवा. भिंती पोकळ. न्हाणी, कोठी, जिना असं सगळं पश्चिमेला, म्हणजे दुपारचं ऊन त्यांनी अंगावर घ्यायचं आणि माणसांनी पूर्वेला राहायचं. आमचे मार्गदर्शक सर भले होते, पण घाबरट. त्यांनी ड्रॉइंग पाहिलं, त्यांना ते आवडलंही. मग म्हणाले, "फक्त तो चाळ शब्द काढ. बाहेरून परीक्षक येणार आहेत. 'हवा खेळती ठेवणारी पारंपरिक रचना' असं काहीतरी लिही."

मी पहिल्या शीटवर मोठ्या अक्षरांत 'कांदाचाळ' लिहिलं आणि खाली अण्णांच्या चाळीचा छेद काढला, आतल्या कांद्यांसकट.

मेच्या अखेरीस परीक्षा झाली. परीक्षक मुंबईचे होते, मोठमोठ्या इमारती केलेले. माझ्या शीटपुढे ते बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं, समजून घेताहेत.

"शेतकऱ्याची मुलगी दिसतेस," ते म्हणाले.

"हो सर."

"माणसं आणि कांदे यात थोडा फरक असतो, हे तुला कुणी सांगितलं नाही का?"

मागे बसलेला वर्ग हसला. मार्गदर्शक सर खाली बघत होते. माझे कान तापले, पण आवाज कापला नाही याचं मला आजही बरं वाटतं.

"फरक असतो सर," मी म्हणाले. "कांद्याला गरम झालं तर तो आठ दिवसांत सडून दाखवतो. माणूस पंखा लावतो आणि गप्प बसतो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि पुढच्या शीटकडे गेले. संध्याकाळी सरांनी मला बोलावून घेतलं. दोन आठवड्यांची मुदत मिळाली होती. त्या पुस्तकातल्यासारखं घर काढून आणलं तर मार्क सुधारतील, असं ते म्हणाले. मी दोन आठवडे घरी जाऊन आणखी आकडे लिहिले, तेच ड्रॉइंग पुन्हा टांगलं आणि त्याच्याखाली वही ठेवली. मला पास होण्यापुरते मार्क मिळाले. त्यापेक्षा एक जास्त नाही. वर्गाने माझं नाव 'कांदेवाली' ठेवलं. मी त्या नावाला ओ देत असे.

शीट्सची गुंडाळी घेऊन मी घरी आले. पुढचं सगळं आत्यामुळे झालं.

आत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण. लग्नानंतर वर्षभरातच ती सासरहून परत आली ती पुन्हा गेली नाही. कारण तिने सांगितलं नाही आणि विचारायची कुणाची छाती झाली नाही. तिने डीएड केलं, जिल्हा परिषदेच्या शाळेत लागली आणि अर्ध्या गावाला वाचायला शिकवलं. गाव तिला बाई म्हणायचं. एवढं असून ती राहत होती आमच्या घराच्या मागच्या खोलीत, धान्याच्या कोठ्यांशेजारी. मळ्याच्या वाटेवर आजोबांनी तिच्या नावावर जमिनीचा एक तुकडा करून ठेवला होता. तिला निवृत्त व्हायला दोन वर्षं राहिली होती.

तिने माझी शीट्स ओसरीवर पसरायला लावली, चारी कोपऱ्यांवर कांदे ठेवले आणि चष्मा लावून खाली बसली.

"पॅसिव्ह म्हणजे काय गं?"

"म्हणजे घर विजेशिवाय चालतं. ऊन अडवायचं, वारा खेळवायचा, सगळं घरच करतं."

"मग हे कामसू घर झालं. पॅसिव्ह तर मी झाले, एवढी वर्षं त्या मागच्या खोलीत." तिने बोट ठेवून जिना कुठे, न्हाणी कुठे ते विचारून घेतलं. मग उठली आणि म्हणाली, "हे मला बांधून दे."

मला वाटलं गंमत करतेय. रात्रीच्या जेवणाला तिने अण्णांना सांगितलं तेव्हा कळलं की नाही.

अण्णांचा घास हातात राहिला. "बाई, तुला घर पाहिजे तर मी बांधतो. चांगलं स्लॅबचं. हे काय? लोक म्हणतील, सख्ख्या बहिणीला चाळीत ठेवलं."

"लोकांना सांग, बहीण आपल्या पायांनी गेली."

"आन् एकटी बाईमाणूस मळ्यात राहणार?"

"इतकी वर्षं दुकटी होते का मी?"

अण्णा ताटावरून उठले. पुढे सहा महिने ते माझ्याशी कामापुरतं बोलले आणि आत्याशी तेवढंही नाही.

दिवाळीनंतर काम सुरू झालं. मी नाशिकला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात लागले होते, सुट्टी मिळाली की मळ्यात. गवंडी सायखेड्याचा होता, आमच्या भागातली निम्मी घरं त्याने बांधलेली. विटा उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवायची म्हटल्यावर त्याने थापी खाली ठेवली.

"ताई, पोकळ भिंत म्हंजे उंदरांना आयतं घर. आन् पडली तर नाव माझं."

"पडत नाही. वजन पेलते. विटाही कमी लागतात."

"पुस्तकात पेलती. हितं नाय पेलत."

मी वाद घातला नाही. त्याच्याकडून कमरेएवढ्या उंचीच्या दोन भिंती बांधून घेतल्या, एक त्याच्या पद्धतीची आणि एक पोकळ. वाळल्यावर दोन्हींवर त्याच्या दोन माणसांना उभं केलं. मग दिवसभर त्या उन्हात सोडल्या. चारच्या सुमाराला मी त्याला सावलीच्या अंगाने दोन्ही भिंतींना तळवा लावायला सांगितलं. त्याने आधी आपल्या भिंतीला हात लावला, मग माझ्या, मग परत आपल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आले तर पोकळ भिंतीचे चार थर वर गेलेले.

गुढीपाडव्याला आत्या राहायला गेली. एक लोखंडी कॉट, पुस्तकांची पेटी, स्टोव्ह आणि दोन कुंड्या एवढंच सामान. अण्णा आले नाहीत. आई आली, तिने उंबऱ्याला हळदकुंकू वाहिलं आणि खालच्या भोकांकडे पाहून विचारलं, "यातून साप नाही ना यायचा?" भोकांना जाळी लावलीय हे दाखवल्यावर तिचं समाधान झालं.

तो उन्हाळा आमचा होता. भर दुपारी बाहेर डोळे उघडवत नव्हते आणि आत्या चादर अंथरून फरशीवर वाचत पडायची. शाळेतल्या शिक्षिका, शेजारच्या मळ्यातल्या बायका, सायखेड्याचे दोन-चार जण घर बघायला येऊन गेले. बायका पाय मोकळे करून बसायच्या आणि उठायला टाळाटाळ करायच्या. मी वहीत आकडे लिहीत होते आणि मनातल्या मनात ते त्या परीक्षकांना पाठवत होते. मला वाटलं, मी जिंकले.

मग थंडी आली. आमच्या निफाडच्या पट्ट्यातली थंडी ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. जानेवारीत द्राक्षाच्या पानांवरचं दव गोठतं, बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात. मी दोन महिने गावी गेले नव्हते. ऑफिसात काम होतं, आणि आत्याच्या पत्रांत सगळं मजेत असायचं.

एका रविवारी न कळवता सकाळच्या एसटीने गेले. आत्या अंगणात, उन्हात खुर्ची टाकून बसलेली. स्वेटर, त्यावर शाल, कानाला मफलर, पायांत माझ्या भावाचे क्रिकेटचे मोजे. मला बघून ती दचकली आणि दार अडवून उभी राहिली. मी आत गेले. फरशी बर्फाची लादी झाली होती. खोल्यांमधली झाडून सगळी भोकं पोत्यांनी, जुन्या साड्यांनी आणि रद्दीच्या गठ्ठ्यांनी बुजवलेली. तिची कॉट चार विटांवर चढवलेली.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून थोडं थोडं."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुला सांगितलं असतं तर तू घरी बोलली असतीस. तुझ्या बापाने दुसऱ्या दिवशी सगळी भोकं विटांनी बंद केली असती. मग उन्हाळ्यात मी काय केलं असतं?"

मी तिच्यावर चिडले, आणि चिडता चिडता रडले. तिने मला चहा करून दिला. तो चहा पीत असताना खिडकीतून मला अण्णांची चाळ दिसली. ती रिकामी होती. कडेला पाचट उडून गेलेलं, आत कुत्री झोपलेली. तेव्हा माझी चूक माझ्यासमोर उभी राहिली. आमच्याकडे कांदा चाळीत भरतात तो उन्हाळ्यात, आणि दिवाळीपर्यंत तो बाजारात गेलेला असतो. कांद्याने निफाडची थंडी चाळीत कधी काढलेलीच नाही. मग त्याने मला थंडीचं शिकवायचं कुठून? सगळी वही मी उन्हाळ्याच्या आकड्यांनी भरली होती. माणसं आणि कांदे यात फरक असतो, हे परीक्षकांचं वाक्य खरं निघालं होतं, मात्र ते का खरं आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते मला माझ्याच चुकीतून कळलं, आणि म्हणून ती दुरुस्तही मीच करायची होती.

मी ऑफिसात आठ दिवसांची रजा टाकली. साहेब म्हणाले, "घरी काही दुखणंखुपणं?" मी म्हणाले, "हो, थंडी वाजतेय." आठही दिवस आत्याच्या घरी राहिले, सकाळी फरशीवर अनवाणी फिरले आणि वहीत नवे आकडे लिहिले. सायखेड्याच्या सुताराकडून प्रत्येक भोकाला आतून लाकडी झडप करून घेतली, कडेला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी, म्हणजे वारा शिरायला नको. दिवाळीनंतर लावायच्या, होळीला उघडायच्या. दुसरं काम जिवावर आलं. दक्षिणेकडचं छप्पर मी हौसेने दीड हात जास्त पुढे काढलं होतं. मेमध्ये सूर्य डोक्यावर असतो, त्या बाजूला एवढ्या छपराची गरजच नव्हती. आणि जानेवारीत सूर्य खाली उतरतो तेव्हा तेच छप्पर ऊन खोलीत येऊ देत नव्हतं. ते कापायचं ठरलं.

छप्पर कापायला माणसं चढली त्या दिवशी अण्णा पहिल्यांदा त्या घराकडे आले. कुंपणापाशी थांबले.

"मोडताय का?"

"नाही," मी म्हणाले. "चुकलं होतं तेवढं कापतेय."

"मी आधीच बोललो हुतो."

"तुम्ही म्हणाला होता लोक काय म्हणतील. थंडी वाजेल असं नव्हता म्हणाला. म्हणाला असता तर ऐकलं असतं."

अण्णांनी छपराच्या कापलेल्या कडेकडे पाहिलं. मग वर चढलेल्या माणसाला म्हणाले, "आरं, पत्रा कडेला नीट मुडप, नायतर बाईच्या डोक्यात पडंल." आणि निघून गेले. दुपारी बाराला ऊन खिडकीतून आत येऊन कॉटच्या पायापर्यंत गेलं. आत्याने मफलर काढून खुंटीला लावला.

पुढच्या काही वर्षांत दोन गोष्टी घडल्या. एक म्हणजे भारनियमन. दोन हजारनंतर गावात वीज दिवसातून कितीदा आणि किती वेळ जाईल याला धरबंध राहिला नाही. अण्णांनी तोवर घरावर दुसरा मजला चढवला होता, रस्त्याच्या बाजूला, म्हणजे पश्चिमेला, मोठ्या काचा लावून. मला विचारलं नव्हतं. वरच्या मजल्यावर एक कूलर होता आणि तो चालायला वीज नव्हती. आत्या निवृत्त झाली होती. दुपारी तिच्या घरी गेलं की अण्णा तिथे असायचे.

"पेपर वाचायला आलो," ते म्हणायचे. पेपर आमच्याच घरी यायचा.

दुसरी गोष्ट माझ्या नोकरीची. बांधकामवाल्यांना तेव्हा पर्यावरणाची गोडी लागली होती. आमच्या ऑफिसकडे एका बिल्डरची उंच इमारत आली. पश्चिमेला वरपासून खालपर्यंत काच, आणि प्रत्येक खोलीला एसीची जागा. ड्रॉइंग झाल्यावर त्याने मला माहितीपत्रकाचा मजकूर लिहायला सांगितला. इमारत ऊर्जा वाचवणारी आहे, असं त्यात यायला हवं होतं.

"ही वाचवत नाही," मी म्हणाले. "दुपटीने खाईल."

"मॅडम, लिहायचंच आहे. राहायचं थोडंच आहे तुम्हाला?"

मी लिहिलं नाही. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून समजावलं, मग आवाज चढवला, मग पुन्हा समजावलं. मी राजीनामा दिला तेव्हा त्यांना खरंच वाईट वाटलं असावं. पंचवटीतच एक छोटी जागा घेऊन मी स्वतःचं काम सुरू केलं. पहिली दोन वर्षं बहुतेक गोठे, कंपाउंड वॉल आणि एक पिठाची गिरणी. पण गिरणीतसुद्धा मी वारा कुठून येतो ते आधी बघितलं, आणि गिरणीवाला अजून सांगतो की त्याच्याकडे पीठ गरम होत नाही.

त्यानंतरच्या एका मे महिन्यात मी गावी गेले होते. दुपारी आत्याकडे आम्ही तिघं बसलो होतो. अण्णांनी पेपराची घडी घातली.

"वरच्या मजल्याचं काय करता यील का बघ. बसवत नाय तिथं."

"काचा काढाव्या लागतील. पश्चिमेला कोठी न्यावी लागेल. वर दुसरं छप्पर."

"कर काय करायचं ते. फकस्त चाळीसारखं दिसायला नको."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "चाळीसारखंच दिसेल अण्णा. पटत असेल तर करते."

त्यांनी पेपर परत उघडला. मग पेपरामागूनच म्हणाले, "टेप आणलाय का मोजायला?"

आणला होता. आम्ही ऊन उतरायची वाट न बघता तसेच निघालो.